३४ इंच

जानेवारीतल्या एका दुपारी एक मुलगी पुठ्ठ्याचं मोठं खोकं छातीशी धरून माझ्या शेडच्या दारात उभी राहिली. पुण्यात धायरीला मुख्य रस्त्याच्या आत माझं सुतारकामाचं शेड आहे. तिथे रंधा मशीन चालू असलं की बाहेरची हाक ऐकू येत नाही, त्यामुळे ती किती वेळ थांबली होती मला ठाऊक नाही. मशीन बंद झाल्यावर म्हणाली, "काका, मला १८ एमएम प्लायमध्ये एक ओटा करून हवाय. खऱ्या मापाचा. पण तीन उंचीचा."

मी तिला सांगितलं की ओटा असा करत नाहीत. ओटा ३४ इंच. खाली कडप्पा, वर ग्रॅनाइट, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका पातळीत. सव्वीस वर्षं मी किचन करतोय. एवढ्या वर्षांत एकाही पार्टीने मला ओट्याची उंची विचारली नाही, आणि मीही कुणाला विचारली नाही. रंग विचारतात, सनमायकाचा नंबर विचारतात, ट्रॉल्यांना सॉफ्ट क्लोज लावणार का ते विचारतात.

तिने वाद घातला नाही. टेबलावरचा प्लायचा तुकडा ओढला, माझ्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि हिशेब मांडायला लागली. तिची आई सांगलीकडची, उंची ४ फूट १० इंच. उभी राहिली की कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. ओटा ३४. त्यावर शेगडी ठेवली की बर्नर आला ३९ इंचांवर. त्यावर ७ इंच उंच पातेलं ठेवलं की त्याचा काठ ४६. म्हणजे पुरण घोटताना आईचा हात कोपराच्या वर दहा इंच. "काका, तुम्ही असा हात धरून दहा मिनिटं रंधा मारून बघा," ती म्हणाली.

मी मारून बघितला नाही. गरज नव्हती. रंध्याचं टेबल आपण कमरेच्या जरा खाली ठेवतो ते कशासाठी, हे कोणत्याही सुताराला सांगावं लागत नाही. अंगाचा भार कामावर पडला पाहिजे. टेबल उंच झालं की सगळं काम खांद्याने करावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. माझ्या शेडमधल्या प्रत्येक कारागिराचं टेबल त्याच्या मापाचं आहे. ठेंगण्या कारागिराचं टेबल मी स्वतः पायाला दोन इंच कापून दिलेलं आहे. आणि शेजारी जो ओटा कापला जात होता, तो ३४.

तिचं काम मी घेतलं.

हा कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. घरातल्या रोजच्या वस्तू आणि खोल्या पुन्हा मुळापासून बघायच्या, असा विषय सगळ्या वर्गाला होता. प्रदर्शन मेमध्ये. त्या चार महिन्यांत ती पाच-सहा वेळा शेडवर आली आणि आम्ही तो ओटा तीन वेळा खोलून परत जोडला.

तिचा मूळ विचार असा. स्वयंपाकघरात उभ्याने होणारी कामं तीन जातींची आहेत, आणि तिन्हींना वेगळी उंची लागते. चिरणं-निवडणं हे बोटांचं काम, ते कोपराच्या तीन-चार इंच खाली हवं. कणीक मळणं हे अंगाच्या भाराचं काम, ते आणखी खाली हवं, नाहीतर मळणारी बाई टाचा वर करून मळते. शेगडीही खालीच हवी, कारण हात पातेल्याच्या काठावरून आत जातो, बर्नरच्या पातळीला नाही. सिंकचं मात्र उलटं. सिंकमध्ये आपण काठावर काम करत नाही, तळाशी करतो. भांडं सात-आठ इंच खोल असलं तर काठ उंच पाहिजे, नाहीतर भांडी घासणारी बाई कमरेत वाकलेलीच राहते. म्हणून तिच्या आईसाठी तिने काढलेली मापं होती: सिंकचा काठ ३५, चिरायची जागा ३२, शेगडी आणि मळायची जागा २८.

आमचे मुख्य मिस्त्री राजस्थानचे, पस्तीस वर्षं हातात पटाशी. त्यांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, "सेठ, लेव्हल तो बिगड गया." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ओटा एका पातळीत असतो यालाही कारणं आहेत, आणि ती त्या मुलीला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. ग्रॅनाइटचा एक लांब तुकडा टाकला की सांधा येत नाही, आणि सांधा नाही म्हणजे पाणी मुरत नाही, झुरळ होत नाही. पायरी आली की तिथे कोपरा आला, कोपऱ्यात पीठ साचणार. आणि ट्रॉल्या बाजारात तयार मापात मिळतात, त्या ३४च्या ओट्याला धरूनच केलेल्या असतात. आपण उंची बदलली की प्रत्येक ट्रॉली करून घ्यावी लागते, आणि खर्च वाढतो.

सगळ्यात मोठी अडचण सिलिंडरची होती. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर ओट्याखाली ठेवायचं, वर रेग्युलेटर, तो चालू-बंद करायला हात आत गेला पाहिजे. त्याला मोकळी उंची २८-२९ इंच लागते. शेगडीचा भाग २८ला आणला की दगडाची जाडी वजा जाऊन खाली २६ उरले. सिलिंडर बसत नाही. आडवं ठेवणं तर विचारातही आणू नये. सिंकखाली न्यावं तर तिथे सिंकचं भांडं आणि पाइप. ती दोन दिवस गप्प होती. मग मीच सुचवलं की सिलिंडर मधल्या, ३२ इंचांच्या भागाखाली घे, तिथे ३० मोकळे मिळतात, आणि नळी बाजूच्या भागातून शेगडीला ने. फक्त एक बघ, शेगडी सिलिंडरच्या डोक्यापेक्षा वर राहिली पाहिजे, गॅस कंपन्या तसं बजावून सांगतात. राहत होती. मग मधल्या भागाखालच्या ट्रॉल्या गेल्या, आणि २८ इंचांच्या मळायच्या भागाखालची जागा मोकळीच राहिली.

त्या मोकळ्या जागेचं तिने जे केलं, ते मला फार आवडलं. तिथे तिने एक स्टूल आत सरकवलं. डायनिंग टेबल आपण ३० इंचांना करतो, म्हणजे २८ इंचांची पाटी बसून काम करायला अगदी बरोबर. पालेभाजी निवडणं, वाटाणे सोलणं, लाडू वळणं ही काही उभ्याने करायची कामं नाहीत. पण ओटा उंच आला तशी बाई उभी राहिली ती उभीच. आपल्याकडे चूल जमिनीवर होती, विळी जमिनीवर होती, पाटा-वरवंटा जमिनीवर होता, सगळं बसून. तिथून आपण थेट उभ्याने कामावर आलो. मधे खुर्चीच्या उंचीवर बसण्याची जी पायरी असते, ती आपल्या स्वयंपाकघरात कधी आलीच नाही.

तिच्या फलकावर यासाठी एक जुना फोटो होता. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या बाई वास्तुरचनाकाराने कामगार वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. रुंदी दोन मीटरला थोडी कमी, लांबी साडेतीन मीटरच्या आत. साधारण दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो आणि ज्यावर माझं पोट चालतं, त्याची सुरुवात तिथे आहे. ओट्याखाली कप्पे, वर कपाटं, सगळं हाताच्या अंतरावर. आणि त्या फोटोत खिडकीखाली कामाच्या फळीजवळ एक फिरतं स्टूल आहे. बसून काम करायला. कपाटं आपल्यापर्यंत पोचली, स्टूल वाटेत कुठेतरी राहिलं.

प्रदर्शनाला मी एकटाच जाणार होतो, पण बायको म्हणाली मीही येते. कॉलेजच्या तळमजल्यावरचा हॉल आणि बाहेरचा व्हरांडा, मिळून चाळीसेक मुलांची कामं. मे महिन्यातली दुपार, पंखे फिरत होते आणि मुलांचे आईबाप, काका-मामा घामाघूम होऊन आपल्या मुलाच्या टेबलापाशी उभे होते. एखाद्या गावच्या जत्रेत आपल्या घरचा बैल दाखवावा तसे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत होते. मला ते बघूनच बरं वाटलं.

सगळंच काही चांगलं होतं असं नाही. पलंगाचं टेबल आणि टेबलाचं कपाट होणाऱ्या वस्तू सात-आठ तरी होत्या. अशी वस्तू दिसली की मी आधी बिजागरी बघतो. दिवसातून दोनदा उघड-मीट करायची तर बिजागरी पितळी किंवा स्टीलची, स्क्रू लांब आणि ते प्लायच्या कडेत नाही तर पाटीत गेलेले पाहिजेत. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू वर्षभरात सैल होतो. एका पलंगाचे सगळे स्क्रू कडेतच होते. मी त्या मुलाला बाजूला घेऊन दाखवलं. त्याने फोनमध्ये टिपून घेतलं.

हॉलच्या मधोमध जमिनीवर खडूने एक चौकट आखली होती आणि तिच्याबाहेर चपलांचा ढीग होता. आत जायचं तर चपला काढून जायचं, अशी पाटी. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका मुलाचं ते काम. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. शंभर वर्षांपूर्वी, १९२०च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामायिक. आता तिथे पुनर्विकास चाललाय आणि १६०च्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. या मुलाच्या घरच्यांना ते मिळालेलं आहे.

त्याने जुनी खोली जशीच्या तशी आखली होती. इथे मोरी, इथे पिंप, इथे आजीची लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका, वर पोटमाळा. शिलाई मशीनची जागा वेगळ्या रंगाच्या खडूने, कारण ते दिवसा इथे आणि रात्री तिथे. भिंतीवर त्याने तासांचा तक्ता लावला होता. पहाटे पाचला जमिनीवर किती वळकट्या, सातला किती माणसं उभी, दुपारी दोनला मशीन कुठे, रात्री अकराला आजोबा गॅलरीत झोपायला गेल्यावर आत कोण कुठे. सात माणसं. मी त्या चौकटीत उभा राहिलो. मी सध्या वॉर्डरोब करतोय त्या बेडरूम १० बाय १२च्या असतात, म्हणजे १२० फूट, आणि त्या एका मुलासाठी असतात.

पण त्या मुलाला गरिबी दाखवायची नव्हती. त्याचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, "काका, नवीन घरात सगळं आहे. आजीला बसायला जागा नाही." मला कळेना. ५०० फुटांत बसायला जागा नाही? मग त्याने समजावलं. आजी खोलीत बसतच नव्हती. ती गॅलरीत दारापाशी बसायची. तांदूळ तिथे निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, कोणाचं पोर शाळेतून आलं नाही ते तिला आधी कळायचं. नव्या इमारतीत लिफ्टसमोर लॉबी आहे. तिथे खुर्ची टाकता येत नाही, आग लागली तर वाट मोकळी पाहिजे, आणि ते बरोबरच आहे.

त्याने दोन गोष्टी केल्या होत्या. घराच्या आत, दाराला लागून, चपलांचं कपाट १६ इंच उंच आणि वर बसता येईल इतकं भक्कम, पाठीला भिंत. आणि बाहेरचं सेफ्टी डोअर मधोमध कापून दोन भागांचं. खालचा भाग कडी लावून बंद, वरचा उघडा. आजी आपल्या घरात बसलेली, पण लॉबीतून जाणाऱ्याला दिसणारी आणि त्याच्याशी बोलणारी. जुन्या घरांना असं अर्धं दार असायचं, गुरं आत येऊ नयेत म्हणून. आमच्या गावच्या घराला होतं. मी सव्वीस वर्षांत शेकडो सेफ्टी डोअर बसवली, आणि प्रत्येक वेळी बाहेरचा माणूस आत कसा येणार नाही एवढाच विचार केला.

मी त्याला एवढंच सांगितलं की दोन भाग केलेस तर चौकटीला बिजागऱ्या चार लागतील आणि मधला सांधा खाचेचा घे, म्हणजे बाहेरून पट्टी घालून कडी काढता येणार नाही. बाकी त्याच्या कामात मी काही सुचवावं असं नव्हतं.

दुसरं एक टेबल माझ्या बायकोने शोधलं. तिने लांबूनच हाक मारली, "अहो, इकडे या, विळी आहे." एका मुलीच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आता जमिनीवर बसता येत नाही, आणि सुरीने तिला चिरता येत नाही. येत नाही म्हणजे सवय नाही आणि हातही थरथरतो. विळीची गंमत अशी की पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीला असतात. हात थरथरला तरी पातं हलत नाही. म्हाताऱ्या माणसाला सुरीपेक्षा विळी जास्त सोपी. मुलीने ओट्यावर ठेवायची विळी केली होती. पाटाच्या अलीकडच्या काठाला खाली एक ओठ, तो ओट्याच्या कडेला अडकतो, म्हणजे भाजी पात्यावर दाबली तरी विळी पुढे सरकत नाही.

मी हाताने दाबून बघितलं. सरकली नाही, पण उचलली. आपण जमिनीवर विळी घेतो तेव्हा पाटावर पाय असतो. तो पाय नुसता सरकू नये म्हणून नाही, पात्यावर जोर आला की अलीकडचा भाग वर उठतो, तो दाबून धरण्यासाठी असतो. इथे पाय नाही. पातं जेवढं उंच तेवढी ती उलटायला बघणार. पाट पात्याच्या पुढे आणखी सहा इंच वाढवायला हवा आणि ओठाखाली एक फिरकी, जी ओट्याच्या पट्टीला खालून आवळता येईल. मुलीने कबूल केलं, मेथी-कोथिंबीर चिरते, भोपळा घेतला की उठते. माझ्या बायकोने तिला विचारलं, "आजी खूश आहेत का पण?" मुलगी म्हणाली, "आजीने चार महिन्यांनी पहिल्यांदा स्वतः भाजी चिरली." मी तिला शेडचा पत्ता दिला. फिरकी मी करून देणार आहे.

व्हरांड्यात तिथल्या शिक्षकांनी एक लांब फलक लावला होता. आपल्याकडे डिझाइन हा विषय शिकवायला सुरुवात कशी झाली त्याचा. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं १९५८ साली सरकारच्या बोलावण्यावरून भारतात फिरलं आणि त्यांनी अहवाल लिहिला, त्यात सगळ्यात जास्त कौतुक लोट्याचं आहे. लोटा कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो की नाही. त्यांचं म्हणणं होतं की तो कुणा एकाने बनवलेला नाही, पिढ्यांनी घडवलेला आहे. तीन वर्षांनी अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, सुरू झाली. मग १९६९ साली पवईच्या आयआयटीत आयडीसी, म्हणजे तिथली डिझाइनची शाळा. ती उभी करणारे सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पुढे जर्मनीत उल्मच्या डिझाइनच्या शाळेत गेलेले.

त्या उल्मच्या शाळेतलं एक स्टूल फलकाखाली ठेवलं होतं, मुलांनी केलेली नक्कल. माक्स बिल यांनी १९५४ साली केलेलं. तीन फळ्या, खाली एक गोल दांडा, बस. बसायला स्टूल, आडवं केलं की दुसरी उंची, उलटं करून दांड्याला धरलं की पुस्तकं वाहून न्यायला टोपली, एकावर एक ठेवली की फडताळ. शेजारी शिक्षकांनी आपला एक जुना पाट ठेवला होता, दोन आडव्या पट्ट्यांवर एक फळी. जेवायला बसायला पाट, पुढे ताट ठेवायला पाट, मुलाला ओवाळायला पाट, माळ्यावरचा डबा काढायचा तर दोन पाट एकावर एक. मी ते स्टूल उलटं करून सांधे बघितले. फळीत फळी गुंतवून केलेले, कंगव्याच्या दातांसारखे. खिळा नाही. अण्णांच्या पाटातही खिळा नसायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यातल्या एका गावात ते सुतार होते, बलुत्यावर काम करायचे, म्हणजे वर्षाचं धान्य घ्यायचं आणि शेतकऱ्याची अवजारं बघायची. नांगराचं रुमणं, म्हणजे जे हातात धरतात ते, करायचं असलं की ते शेतकऱ्याला बोलावून समोर उभं करायचे. अनवाणी. मग त्याच्या कमरेपासून वीत टाकून माप घ्यायचे. त्याचा मुलगा नांगर धरायला लागला की तो बापाचं रुमणं घेऊन यायचा आणि अण्णा ते बदलून द्यायचे. मुसळ करताना घरातली बाई यायची, मुसळ उभं धरून बघायची, आणि अण्णा तिच्या कपाळापाशी खूण करायचे. मी लहानपणी हे रोज बघितलंय. पुण्यात आलो, आयटीआय केलं, टेप हातात आला, आणि ३४ हा आकडा माझ्या उस्तादाने मला दिला. त्यांना त्यांच्या उस्तादाने दिला असणार. कोणाला तरी समोर उभं करून तो काढला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्या मुलीने मला ग्रंथालयातलं एक जाड पुस्तक दाखवलं होतं. एनआयडीने १९९७ साली प्रसिद्ध केलेलं, भारतीय माणसांच्या शरीराची मापं, कोपर किती उंचीवर, हात किती पुढे जातो, गुडघा किती वर येतो. त्यातून तिने मला एक गोष्ट समजावली ती माझ्या धंद्यात मला कोणी सांगितली नव्हती. सरासरी माणसासाठी काही करायचं नसतं. हात पोचायचा असेल तर ठेंगण्या माणसाचं माप घ्यायचं, डोकं किंवा गुडघा मावायचा असेल तर उंच माणसाचं. म्हणजे ओट्यावरचं कपाट घरातल्या सगळ्यात ठेंगण्या बाईच्या हाताला लागलं पाहिजे, आणि त्याची कड सगळ्यात उंच माणसाच्या कपाळाला लागता कामा नये. आम्ही सरासरीने करतो आणि दोघांचीही गैरसोय करतो.

तिच्या ओट्यापाशी आम्ही शेवटी गेलो. मी केलेली वस्तू, पण त्या हॉलमध्ये, दिव्याखाली, फलकाच्या पुढे बघताना वेगळीच वाटली. तीन पायऱ्यांचा ओटा, मधल्या कोपऱ्यांत मिस्त्रींनी गोलाई काढून दिलेली, म्हणजे पुसताना फडकं सरळ फिरतं. ही गोलाई नकाशात नव्हती. लेव्हल बिगडली म्हणणाऱ्या माणसाने ती रात्री थांबून आपल्या मनाने केली होती.

तिची आई सांगलीहून पहाटेच्या गाडीने आली होती. नवी साडी, हातात पिशवी, आणि इतक्या लोकांसमोर ओट्यापाशी उभं राहायचा संकोच. मुलगी म्हणाली, "आई, चपला काढ. तू घरी अनवाणीच असतेस." आईने चपला काढल्या आणि २८ इंचांच्या भागापाशी उभी राहिली. परात ठेवलेलीच होती, मुलीने खरीच कणीक भिजवून आणली होती. आईने दोन्ही हात टाकले आणि एकदा दाबलं. खांदे हलले नाहीत. कोपर सरळ, अंग पुढे, आणि तळहाताखाली कणीक अशी पसरली की आजूबाजूच्या दोन-तीन बाया पुढे सरकल्या. आई काही बोलली नाही. मळत राहिली. ती पूर्ण मळून झाल्यावरच तिने वर बघितलं आणि लेकीला म्हणाली, "हे इथंच ठेवणार काय?"

माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. तिची उंची ५ फुटांच्या आत आहे. आमच्या घरचा ओटा मी स्वतः केलेला आहे, पंधरा वर्षांपूर्वी, उत्तम ग्रॅनाइट, एक सूत इकडे-तिकडे नाही. ३४ इंच. तिच्या उजव्या खांद्याला तीन वर्षांपासून त्रास आहे, आणि आम्ही तेल बदललं, डॉक्टर बदलले, उशी बदलली. रात्री घरी आल्यावर मी टेप काढली आणि तिला म्हटलं, जरा उभी राहा, अनवाणी. कोपर साडेछत्तीस इंचांवर भरलं. ती म्हणाली, "राहू द्या हो आता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आधी त्या मुलीच्या आईचं करा. त्यांचा ओटा तयार आहे, नुसता बसवायचाय. आपलं दिवाळीच्या आधी बघू."

प्रदर्शन संपलं की मुलांची मॉडेलं बहुतेक भंगारात जातात, हे मी ऐकून होतो. हा ओटा गेला नाही. शेडमध्ये परत आणलाय. कडांना पॉलिश मारून झालं, सिंकच्या बाजूला पाणी लागणार म्हणून तिथला प्लाय बदलून मरीन टाकला, आणि वर दगडाच्या पाट्यांची मापं टिंबर मार्केटशेजारच्या आमच्या नेहमीच्या दगडवाल्याला दिली. तीन तुकडे, तीन उंच्या, सांध्यांना इपॉक्सी. सांगलीत जुना कडप्पा फोडायला गवंडी सांगून ठेवलाय. रविवारी पहाटे टेम्पो निघेल. मिस्त्री म्हणाले, मीही येतो, गोलाई दगडात मीच काढणार.

आणि काल एका नव्या पार्टीचा फोन आला. बावधनला फ्लॅट, पूर्ण किचन करायचंय. साहेब म्हणाले, "साईटवर कधी येताय मापं घ्यायला?" मी विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं? आई आणि बायको, आणि सकाळची पोळ्यांची बाई, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तिघींना घेऊन या.